तारीख नसलेली कामं

माझं आणि माझ्या जावेचं आजवर एकदाही भांडण झालेलं नाही. झालं असतं तर बरं झालं असतं, निदान मनातलं तोंडावर तरी आलं असतं. पण ती भांडतच नाही. गोड बोलते, वेळेवर येते, वेळेवर निघते, कुणाचा वाढदिवस विसरत नाही. कुणी काही मागितलं की फोन काढते, त्यावर दोन बोटं नाचवते आणि म्हणते, "टाकलं लिस्टमध्ये." आणि मग ते काम खरंच होतं. माझं सगळं दुखणं तिथंच आहे.

मी लग्न होऊन बंगळुरात आले त्याला वीस वर्षं झाली. सासर निपाणीचं, माहेर चिकोडीचं, म्हणजे दोन्हीकडं मराठीत भांडायचं आणि कन्नडमध्ये भाजी घ्यायची. आम्ही व्हाइटफील्डला राहतो. धाकटे दीर हेब्बाळला. त्यांचं लग्न सहा वर्षांपूर्वी झालं, जाऊ पुण्याची. ती येईपर्यंत आमच्या घराची चालतीबोलती वही मी होते. काकांचे डोळ्याचे थेंब कुठल्या दुकानात मिळतात, आत्याच्या मुलीला बंगळुरात कुठलं हॉस्टेल बरं, गॅसचं जुनं पुस्तक कुणाकडं आहे, काहीही असो, निपाणीत एकच उत्तर होतं: वहिनीला विचार. नवरा कधी कधी वैतागायचा. म्हणायचा, "मला सांगितलं असतं तर मीच केलं असतं की." पण त्याला कुणी विचारायचंच नाही. आणि मला ते आवडायचं. का नाही आवडणार?

माझी पद्धत साधी होती. भिंतीवरच्या कॅलेंडरचं महिना संपलेलं पान फाडायचं, उलटं करायचं, घड्या घालून पाच रकाने पाडायचे आणि फ्रिजला लावायचं. रकान्यांना वार नाहीत, तारखा नाहीत. एक रकाना हेब्बाळच्या रस्त्याचा, एक मल्लेश्वरमच्या बाजूचा, एक फोनवर बोलायच्या गोष्टींचा. उरलेले दोन सगळ्यांत मोठे: 'निपाणीला जाणाऱ्याबरोबर' आणि 'निपाणीहून येणाऱ्याबरोबर'.

आमच्याकडं रिकाम्या हातानं बसमध्ये कुणी चढत नाही. संध्याकाळच्या गाडीला कोण निघालंय एवढं कळायचा अवकाश, फोन सुरू होतात. जाताना कॉफीची पूड, कुणाची औषधं, कुणाचा दुरुस्त केलेला चष्मा. येताना कांदा-लसणाची चटणी, ज्वारीचं पीठ, गावच्या शिंप्यानं शिवलेले ब्लाउज, कारण इथल्या शिंप्याला आमची मापं कळत नाहीत असं सासूबाईंचं ठाम मत. कोण कधी निघेल हे देवाला ठाऊक. मग तिथं तारीख काय घालणार? माणूस निघाला की काम निघालं.

रस्त्यांचे रकाने माझ्या नोकरीतून आलेत. एका मोठ्या ऑफिसच्या ट्रान्सपोर्ट डेस्कवर मी कॅबचे रूट लावते. कोण कुठल्या बाजूला राहतो आणि एका फेरीत किती जण बसतात, दिवसभर तेच डोक्यात. या शहरात एका कामासाठी कुणी हेब्बाळला जात नाही. गेलं तर चार कामं करून यावं, नाहीतर अर्धा दिवस सिग्नलवर गेला म्हणून समजा.

गेल्या गणपतीत आम्ही सगळे निपाणीला होतो. सासूबाईंनी मला विचारलं, "माझ्या चष्म्याची काडी आणलीस काय गं?" मी म्हटलं, "दुरुस्त करून ठेवलाय की आई, गडबडीत घरीच राहिला. कुणी येणारं असलं की पाठवते." तेवढ्यात जाऊ उठली, पिशवी घेऊन आली आणि नवाकोरा चष्मा काढून सासूबाईंच्या हातात ठेवला. नंबर तिच्याकडं लिस्टमध्ये होता म्हणे. मागच्या महिन्यात बोलता बोलता काडीचं निघालं होतं, तेव्हाच टाकून ठेवलं होतं.

सासूबाईंनी चष्मा लावला, आरशात बघितलं, आणि भरल्या घरात म्हणाल्या, "ही बघ कशी. सगळं हिच्या फोनात असतंय. तू अजून फ्रिजला कागद चिकटवतीस."

सगळे हसले. मीही हसले. मग आत जाऊन मोदकपात्र घासायला घेतलं. ते आधीच घासलेलं होतं. माझा जीव नुसता जळत होता. वीस वर्षं मी या घराच्या चटण्या आणि चष्मे वाहिले, आणि काल आलेली बाई एका काडीत बाजी मारून गेली. नवरा पाणी प्यायला आत आला, माझ्याकडं बघितलं आणि पाणी न पिताच बाहेर गेला.

बंगळुरात परतल्यावर पहिल्या रविवारी मी ते ॲप गुपचूप उतरवून घेतलं. जावेला विचारायचा प्रश्नच नव्हता. मोठ्या हौसेनं पहिलं काम लिहिलं: मिरच्या वाळत घालायचा मोठा कपडा निपाणीला परत पाठवणे. ॲपनं विचारलं, कधी? मी रिकामं सोडलं. ते पुन्हा म्हणालं, आज? उद्या? पुढचा आठवडा? अरे बाबा, मला काय माहीत, कोण निघालंय ते सांग आधी! शेवटी वैतागून 'उद्या' दाबलं. तिसऱ्या दिवशी उठून बघते तर ती ओळ लालभडक. उशीर झाला म्हणे. मिरच्यांच्या कपड्याला कसला आलाय उशीर? आठवड्याभरात माझा फोन नापास मुलाच्या प्रगतिपुस्तकासारखा लाल झाला.

दुसरी कुणी असती तर सोडून दिलं असतं. पण माझ्या डोळ्यांसमोरून तो नवाकोरा चष्मा हलत नव्हता. मी दोन रविवार त्या ॲपच्या मागं लागले. तारीख विचारणं बंद कसं करायचं ते शोधलं. 'आज' नावाचं पान पहिल्यांदा उघडायचं, ते बंद केलं. मग माझे पाचही रकाने तिथं मराठीत मांडले, प्रत्येकाला रंग दिला, निपाणीच्या दोन्ही रकान्यांना मिरचीचा लाल, म्हणजे लाल दिसलं तर निदान भीती नको. प्रत्येक कामापुढं माणसाची चिठ्ठी लावायची सोय होती. तिथं मी निपाणीला येजा करणाऱ्या सगळ्यांची नावं भरली. आता 'कोपऱ्यावरचे मास्तर' असं दाबलं की मास्तरांबरोबर काय काय पाठवायचंय ते एका दमात समोर यायचं. पहिल्यांदा ते जमलं तेव्हा मी स्वयंपाकघरात एकटीच मोठ्यानं हसले. फ्रिजवरचा कागद काढून ठेवला. टाकला मात्र नाही.

खरं तर तिथंच थांबायला हवं होतं. पण एखादी गोष्ट आपल्याला जमली की ती ज्याच्याकडं बघून शिकलो त्याला दाखवायची खुमखुमी येतेच. पुढच्या वेळी जाऊ आली तेव्हा मी फोन मुद्दाम ओट्यावर उघडा टाकला. तिनं बघितलं, डोळे मोठे केले. "वहिनी, कसलं भारी सेट केलंय तुम्ही! डायरेक्शनवाइज!" मला गुदगुल्या झाल्या, नाही म्हणत नाही. मग कौतुकानं तिनं तिचं दाखवायला सुरुवात केली. तिचं सगळं वारांनी आणि तासांनी. झाडांना पाणी, मुलीची लस, गाडीची सर्व्हिसिंग, भराभर बोट सरकत होतं. तेवढ्यात एक ओळ गेली. वहिनींना कॉल. दर रविवारी, अकरा.

तिच्या लक्षात आलं नाही. माझ्या आलं.

सहा वर्षं दर रविवारी अकराला तिचा फोन यायचा. मी कुकर लावून, हात धुऊन वाट बघायचे. नवऱ्याला सांगायचे, काही म्हण, पोरगी आठवणीनं फोन करते. आठवणीनं! घंटा वाजत होती तिच्याकडं. झाडांना पाणी घातलं, वहिनीला फोन केला, खूण केली, पुढं. त्या दिवशी मी तिला दुसऱ्यांदा चहा विचारला नाही. ती गेल्यावर नवऱ्याला सांगितलं तर तो म्हणतो, "बरं आहे की, विसरत तरी नाही." काही गोष्टी नवऱ्याला सांगू नयेत.

अशात सासूबाईंच्या गुडघ्याचं दुखणं निघालं. बदलायचाच, असं डॉक्टर म्हणाले. हॉस्पिटल हेब्बाळचं, दिराच्या घरापासून दहा मिनिटांवर. त्यांचं घर तळमजल्यावर. ऑपरेशननंतर एक दिवसाआड व्यायामासाठी हॉस्पिटलात न्यायचं होतं. ऑपरेशन झाल्यावर आई कुणाकडं राहणार, हे वरवर बघता ठरल्यातच जमा होतं. पण मी आतून ते ठरू देत नव्हते. थोरली सून मी. वीस वर्षं त्या बंगळुरात आल्या की माझ्याकडं उतरल्या. यंदा हेब्बाळला उतरल्या तर मग उतरल्याच, आणि निपाणीतलं 'वहिनीला विचार' तेवढ्यावर संपलं. मी नवऱ्याला म्हटलं, "आपल्याकडं लिफ्ट आहे." तो म्हणाला, "आणि मधला रस्ता?" रूट लावणारी मी. व्हाइटफील्डहून हेब्बाळला सकाळी दीड तास लागतो, आणि नवा गुडघा घेऊन दीड तास गाडीत बसणं काय असतं, हे मला कुणी सांगायची गरज नव्हती.

जावेनं एक सामायिक यादी केली, 'आईंचा गुडघा', आणि मला त्यात घेतलं. पंचवीस-तीस ओळी, प्रत्येकीला तारीख, प्रत्येकीला घंटा. बाथरूममध्ये धरायचा दांडा, कमोडवर ठेवायची उंच सीट, रक्ताच्या तपासण्या. तिनं पंधरा दिवसांची रजाही टाकली होती. मी वाचत गेले आणि माझं तोंड कडू होत गेलं. यात माझ्या वाट्याला काय, तर जुने एक्स-रे आणि सैल गाऊन.

त्या यादीतल्या तीन ओळी निपाणीच्या होत्या. एक्स-रे येणाऱ्याबरोबर मागवायचे, गाऊन तिथल्या शिंप्याकडून शिवून घ्यायचे, आणि तिसरी: सोमवारी आईंना फोन, रक्त पातळ करायची गोळी आजपासून बंद. ही तिसरी जावेच्या नावावर होती. ऑपरेशन शनिवारी, डॉक्टरांनी पाच दिवस आधी ती गोळी थांबवायला सांगितली होती. मला त्या तारखांची गर्दी बघवेना. मी तिन्ही ओळी उचलल्या, त्यांच्या तारखा काढल्या आणि 'निपाणी' असा माझा मथळा करून त्याखाली ठेवल्या. माझ्या फोनात बदललं म्हणजे माझ्याच फोनात बदललं, असं मी धरून चालले. एवढे दोन रविवार घासून शिकले, पण ते शिकायचं राहिलं.

मंगळवारी मी निपाणीला फोन केला. एक्स-रे कोण आणतंय ते विचारलं, गाऊनच्या बाह्या विचारल्या. गोळीचं तोंडावर आलं होतं. शपथेवर सांगते, जिभेवर आलं होतं. पण मनात म्हटलं, ते तिचं काम आहे ना, तिची घंटा वाजली असेल काल. तिनं सांगितलेलं मी परत सांगायचं म्हणजे तिच्या मागून फिरायचं. नाही बोलले. "बरं आई, ठेवते," म्हटलं आणि ठेवला.

शुक्रवारी सासूबाई हॉस्पिटलात दाखल झाल्या. भूल देणाऱ्या डॉक्टरांनी शेवटची गोळी कधी घेतली म्हणून विचारलं, तर सासूबाई अभिमानानं म्हणाल्या, "आज सकाळीच घेतली. मी एक दिवस चुकवत नाही." ऑपरेशन दहा दिवस पुढं गेलं. दुखणाऱ्या गुडघ्यासाठी दहा दिवस म्हणजे काय, ते त्यांना व्हीलचेअरवरून गाडीत बसवताना मी बघितलं. त्यांनी ओठ दाबून धरले होते.

दीर तिथं हॉस्पिटलच्या दारात जावेवर उखडले. "एक फोन करायचा होता तुला, एक! एवढं ते ॲप घेऊन मिरवतेस, झाडांना पाणी घालायचं कळतं त्याला, आईची गोळी कळत नाही?" ती फोनकडं बघत होती. म्हणाली, "रिमाइंडर वाजलाच नाही. सॉरी आई. माझी चूक." डोळे भरले होते तिचे.

सासूबाई म्हणाल्या, "राहू दे. मी थोरलीकडंच जाते. पुढंही तिकडंच राहीन. ही आपली कागदवालीच बरी."

आणि मला आनंद झाला. पोटातून, साखर खाल्ल्यासारखा. जावेचे डोळे भरलेले होते, म्हातारी कळा सोसत होती, आणि मी त्यांची व्हीलचेअर गाडीकडं ढकलताना मनात म्हणत होते, घे, वाजव आता घंटा. असं कुणाला सांगायची सोय नसते, म्हणून इथं लिहून टाकते.

हा आनंद रविवारपर्यंत टिकला. रविवारी दुपारी सासूबाई झोपल्या होत्या. मला कुतूहल, की तिची घंटा वाजली का नसेल? मी यादी उघडली, गोळीची ओळ उघडली. खाली 'बदल' म्हणून एक जागा होती, तिथं आजवर कधी बोट लावलं नव्हतं. लावलं. माझ्या नावापुढं माझा तो अबोलीच्या फुलांचा फोटो, आणि लिहिलेलं: तारीख काढली.

त्या ओळीच्या खाली जावेची एक ओळ होती. शुक्रवार संध्याकाळ, ऑपरेशन पुढं गेलं त्याच दिवशी. नवी तारीख घातली. म्हणजे ती या पानावर येऊन गेली होती. जे मी आत्ता बघत होते ते तिनं दोन दिवसांपूर्वीच बघितलं होतं. आणि त्यानंतर दोनदा घरी येऊन गेली, सासूबाईंच्या पायाला तेल लावून गेली, दिराचं बोलणं खाऊन गेली, आणि माझ्याकडं बघून एक अक्षर बोलली नव्हती.

शरम वाटली, खूप वाटली. पण तिच्या मागोमाग काय वाटलं सांगू? संताप आला. यातही हीच पुढं! मोठेपणासुद्धा हिनंच करायचा!

सांगून टाकायला पाहिजे होतं. मी माझ्या ॲपमध्ये लिहिलं: गोळीची तारीख मी काढली होती, हे आईंना सांगणे. लिहिलं आणि माझ्या पद्धतीप्रमाणं तारीख न घालता ठेवलं. सोमवार गेला, मंगळवार गेला. माझी पद्धत किती सोयीची आहे ते मला तेव्हा कळलं. जाणारं कुणी नाही, येणारं कुणी नाही, काम आपलं रकान्यात बसून आहे. इकडं सासूबाई सगळ्या निपाणीला फोनवर सांगत होत्या, मी थोरलीकडंच राहणार, एक दिवसाआड गाडीनं जाऊन येईन. मी ऐकत होते आणि दीड तासाचा तो रस्ता सिग्नलसकट डोळ्यांसमोर येत होता.

गुरुवारी मी ती ओळ उचलून 'आईंचा गुडघा'मध्ये टाकली. या वेळी मुद्दाम, सगळं समजून. आणि आयुष्यात पहिल्यांदा मनापासून तारीख घातली: रविवार, दुपारी एक, घंटा दोघींच्या फोनवर. तोपर्यंत जाऊ यादी उघडेल आणि वाचेल, हे ठाऊक होतं. वाचू दे म्हटलं. मग मला पळता येणार नाही.

रविवारी सगळे आमच्याकडं जेवायला होते. ज्वारीची भाकरी, भरली वांगी, कोशिंबीर. त्या दिवशी अकराचा फोन आला नाही, कारण अकराला ती दारातच उभी होती. माझ्याकडं नेहमीसारखं बघून हसली. वाचलं असेल की नसेल, काही कळेना.

बरोबर एकला दोन फोन एकदम वाजले. एक माझा, ओट्यावर. एक तिचा, ताटाशेजारी. तिनं डाव्या हातानं फोन उलटा केला, बघितलं, अंगठा एकदा टेकवला आणि परत पालथा ठेवला. वांग्याचा घास घेतला.

मी ओट्यावरचा फोन उचलला. माझ्या ओळीवर रेघ ओढलेली होती. काम झालं. खूण करणारी: जाऊ.

म्हणजे हिनं मला सोडून दिलं होतं. बोलू नका वहिनी, झालं गेलं, मी पुसून टाकते. माझं काम, माझ्या नावावरचं, आणि त्यावर खूण हिची? छे! माझ्या अंगाचा तिळपापड झाला. मी अंगठा दाबून ती रेघ काढून टाकली, फोन घेऊन बाहेर आले आणि सासूबाईंच्या ताटासमोर उभी राहिले.

"आई, गोळीची घंटा वाजली नाही ती माझ्यामुळं. यादीतली तारीख मी काढली होती. हिची चूक नाही. आणि मंगळवारी मी तुम्हाला फोन केला तेव्हा गोळीचं माझ्या ध्यानात होतं. तिचं काम म्हणून मी बोलले नाही."

जेवणं थांबली. दिरांनी पाण्याचा पेला उचलला तो हातातच राहिला. सासूबाईंनी जावेला विचारलं, "तुला ठाऊक होतं?" ती हळूच म्हणाली, "होतं." सासूबाईंनी भाकरीचा तुकडा मोडला, वांग्याच्या रश्शात बुडवला आणि तसाच धरला.

"मग आता मी राहू कुठं?" त्या म्हणाल्या. ते मलाच विचारलं होतं.

वीस वर्षं मी लोकांचे रूट लावतेय. एवढा अवघड कधी लावला नव्हता. म्हटलं, "हेब्बाळला. हॉस्पिटल दहा मिनिटांवर आहे. माझ्याकडून दीड तास. गुडघ्याला झेपायचं नाही."

"सरी, तसं तर तसं," सासूबाई म्हणाल्या आणि तो घास खाल्ला. त्या रागावल्या असत्या तर मला सोपं गेलं असतं.

जेवणं झाल्यावर त्यांची पिशवी भरायला घेतली. जाऊ फोन घेऊन दारात उभी. "वहिनी, त्यांना काय काय लागतं ते सांगाल? मी लिहून घेते." मी सांगत गेले. उशाला पातळ चादरीची घडी, उशी नाही. रात्रीच्या पाण्याचा तांब्या उजव्या हाताला. पंखा दोनवर, तीनवर गेला की डोकं दुखतं. देवाचं पुस्तक चष्म्याच्या खाली ठेवायचं, वर नाही. माझ्याकडं हे कुठंच लिहिलेलं नव्हतं, कागदावरही नाही. एकेक सांगताना घरातली भांडी दुसऱ्याला देऊन टाकल्यासारखं वाटत होतं. तिनं विचारलं, "अजून काही?"

होतं. एक होतं. मी म्हटलं, "नाही, एवढंच."

दुसऱ्या दिवशी सासूबाई दाखल झाल्या, ऑपरेशन नीट झालं. शनिवारी हेब्बाळच्या घरी गेल्या. रविवारी अकराला जावेचा फोन आला, सगळं ठीक म्हणाली. मी चार शब्द बोलून ठेवला. तो कुठून येतो ते मला आता माहीत होतं.

बुधवारी सकाळी साडेसातला मी डबे भरत होते, तेव्हा फोन वाजला. जाऊ. आवाज रडवेला. "वहिनी, आई सकाळचा चहा घेतच नाहीयेत. चार दिवस झाले. नुसता कप समोर ठेवून बसतात. आलं घातलं, गूळ घालून बघितला, बशीत ओतून दिला. काय चुकतंय माझं? मला काही सुचत नाहीये, प्लीज सांगा ना."

मी आधी डब्याचं झाकण लावलं. खोटं कशाला बोलू, मला इतकं बरं वाटलं की स्वतःचीच लाज वाटली.

"तू आत्ता काय करतेयस?" मी विचारलं.

"उभी आहे इथंच. लॅपटॉप लावतेय, रजा संपली ना."

"तो बाजूला ठेव. स्वतःला अर्धा कप चहा ओत आणि त्यांच्या समोर बस. त्यांनी उभ्या जन्मात एकटीनं चहा घेतलेला नाही. समोर कुणी घोट घेतला तरच घेतात."

पलीकडं खुर्ची ओढल्याचा आवाज आला. मग बशीवर कप टेकल्याचा आवाज, आणि सासूबाईंचं, "साखर कमी आहे गं."

"वहिनी," जाऊ अगदी हळू म्हणाली, "घेतला."

"फोन ठेव आता. चहा गार होतोय तुझा."

तिनं ठेवला. मी पोळ्यांचा डबा बांधायला घेतला आणि मग माझ्या ध्यानात आलं, आज रविवार नाही, बुधवार. अकरा वाजायला साडेतीन तास होते.